रिकामा चौकोन

आमच्या स्वयंपाकघरात लिहिलेल्या एका गाण्याचे पाच लेखक आहेत आणि त्यांपैकी एकजण डिशवॉशर दुरुस्त करायला आला होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. डिशवॉशर त्याने चांगला दुरुस्त केला, निदान तेव्हा तसं वाटलं. पण गोष्ट सुरू होते त्याच्या आधी, एका पाकिटापासून.

मी नॅशव्हिल या गाण्यांच्या शहराजवळच्या कॉपर रिजच्या नगरपालिकेत पाणी तपासते. सव्वीस वर्षं झाली. क्लोरीन, नायट्रेट, जिवाणू, आणि उन्हाळ्यात 'पाण्याला मातीचा वास येतो' असे फोन. पाणी तपासणारी बाई गाणी लिहिते याचं दुसरीकडे कुणाला नवल वाटेल. आमच्याकडे वाटत नाही. बँकेतली कॅशिअर लिहिते. शवपेट्या विकणारा लिहितो. माझा दाताचा डॉक्टर तर स्वतःचं नवीन गाणं माझ्या तोंडात कापूस कोंबल्यावरच म्हणून दाखवतो, म्हणजे मत द्यायची पंचाईत उरत नाही. गाणं न लिहिणारा माणूस शोधायचा तर नॅशव्हिलपासून तीन तास गाडी हाकावी लागेल, आणि तिथे तो भेटलाच तर त्याचा मेव्हणा लिहीत असेल.

माझं गाणं माझ्या वडिलांवर होतं. डॅडींनी एकेचाळीस वर्षं रोज सकाळी सात वाजता अंगणातलं पर्जन्यमापक बघून पावसाचा आकडा हवामान खात्यासाठी नोंदवला. पगार नाही; खात्याने एकदा प्रशस्तिपत्रक दिलं, त्यात नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. तरी माणूस सात म्हणजे सातला बाहेर. आकडा आधी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, मग खात्याच्या फॉर्मवर. त्यांचे नियम तीन. पाऊस पडला तर इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा. नाही पडला तर शून्य. आणि मापात येण्याइतका नाही, पण भांड्याचा तळ ओला दिसला, तर इंग्रजी 'टी' हे अक्षर. टी म्हणजे पडला, पण मोजता आला नाही. चौकोन रिकामा मात्र कधीही सोडायचा नाही.

डॅडी गेले ते एका मंगळवारी पहाटे. त्या दिवशीच्या चौकोनात आकडा आहे, आणि तो आईच्या अक्षरात आहे. काही वर्षांनी फेब्रुवारीत एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसले असताना मी विचारलं, "आई, त्या दिवशी तू बाहेर गेलीस तरी कशी?" ती बीन्स निवडत होती. म्हणाली, "रिकामं सोडलं असतं तर वाटलं असतं, कुणी बघायलाच गेलं नाही." आणि पुन्हा बीन्स निवडायला लागली. मी घरी येऊन गाणं लिहिलं. आईला सांगितलं नाही. त्या सकाळबद्दल आमच्या घरात त्याआधी कुणी बोललं नव्हतं आणि त्यानंतरही कुणी बोललं नाही.

गिटारवर मला चार कॉर्ड येतात. या गाण्याला तीन पुरले. कपडे धुवायच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगासमोर बसून मी ते फोनवर रेकॉर्ड केलं, कारण टॉवेल आवाज शोषतात. त्यातूनही ड्रायर दोनदा ऐकू येतो. मला एवढंच हवं होतं, की ज्याचं कामच गाणी ऐकणं आहे अशा एका तरी माणसाने हे शेवटपर्यंत ऐकावं आणि काय ते सांगावं. नवरा म्हणाला, "छान आहे." पण रॉयस मी भाजलेल्या मीटलोफलाही तेवढंच म्हणतो.

म्हणून मी चौदा संगीत प्रकाशकांना चौदा पाकिटं पाठवली आणि एक तक्ता आखला. प्रकाशक, तारीख, उत्तर. महिनाभरात पाच पाकिटं न उघडता परत आली. त्यांवर शिक्का होता की न मागवलेलं गाणं आम्ही उघडत नाही, कृपया गैरसमज नसावा. उरलेल्या नवांचं काहीच आलं नाही. 'उत्तर' या रकान्यात पाच शून्यं आणि नऊ रिकामे चौकोन. शून्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

आमच्या शेजारी डॉइल हॅचर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. १९७८ साली एका गायकाच्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्यांचं एक गाणं आलं होतं. पुढच्या बाजूला कोणतं गाणं होतं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी टपालपेटीतून परत आलेलं पाचवं पाकीट काढताना त्यांनी कुंपणावरून पाहिलं.

"पाकिटं पाठवतेस?" ते म्हणाले. "पोरी, तीस वर्षं मी पाकिटं वाटलीत. पाकीट उघडलं की कोर्टकचेरी मागे लागते. उद्या त्यांच्या कुणी 'चंद्र' म्हटलं की तू म्हणणार, माझा चंद्र चोरला."

"माझ्या गाण्यात चंद्र नाही, मिस्टर डॉइल."

"नाही?" त्यांना काळजी वाटलेली दिसली. "मग काय आहे?"

"पर्जन्यमापक."

त्यांनी कुंपण धरलं. मग म्हणाले, "हे आपल्याला निस्तरावं लागेल."

'आपल्याला' हा शब्द मी तिथेच अडवायला हवा होता.

त्यांच्या सांगण्यावरून मी गीतकारांच्या एका संघाची सभासद झाले. महिन्यातून एका शनिवारी दुपारी हा संघ नॅशव्हिलमध्ये एका प्रकाशकाला बोलावतो आणि तीसेक सभासद आपापलं गाणं त्याला ऐकवतात. पद्धत अशी, की तो एक कडवं आणि एक ध्रुपद ऐकतो, हात वर करतो, दोन वाक्यं बोलतो, की पुढचा. माझ्या प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटलीला याहून जास्त वेळ मिळतो. पण तक्रार नाही. बाटल्या रडत नाहीत, इथे माझ्यापुढच्या दोघांना रुमाल लागला.

त्या दिवशीचे प्रकाशक होते वेन कॅगल. चाळिशीचे, टोपी घातलेले, आणि इतके सभ्य की नकार दिल्यावर माणूस त्यांचे आभार मानून दारापर्यंत जातो आणि तिथे त्याच्या लक्षात येतं. माझं ध्रुपद संपलं. त्यांनी हात वर केला.

"मिस नदीन, ऐकायला बरं वाटलं. या माणसाकडे गाडी कोणती आहे?"

"गाडी?"

"लोकांना त्याला कुठेतरी बसवावं लागतं. आत्ता तो नुसता अंगणात उभा आहे."

"तो पाऊस मोजतोय."

"हो, ते कळलं," ते फार मायेने म्हणाले. "थोडं काम करून पुढच्या महिन्यात आणा."

मी तक्त्यात लिहिलं : 'गाडी?' हे शून्य की आकडा, ते ठरेना.

मिस्टर डॉइल मात्र खूश झाले. पुढच्या महिन्यात आणा असं कॅगल कुणालाही म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. (पुढे कळलं की त्या दिवशी ते अकरा जणांना म्हणाले होते.) मंगळवारी संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात हजर झाले, सोबत गिटार, आणि ट्रूडी मेबन. ट्रूडी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि कुठेही रिकाम्या हाताने जात नाही, त्यामुळे तिच्या हातात मसालेदार अंड्यांचं ताट होतं. त्याच वेळी डिशवॉशर उघडा पडला होता आणि त्याच्या आत लॉनी नावाचा दुरुस्तीवाला कमरेपर्यंत शिरला होता. नुसते पाय दिसत होते.

पहिल्या अर्ध्या तासात पर्जन्यमापक गेलं. मिस्टर डॉइल म्हणाले की त्या शब्दाने रेडिओवरचा माणूस स्टेशन बदलतो. त्याच्या जागी पिकअप ट्रक आला. ट्रक आल्यावर एकाहत्तर वर्षांचा माणूस त्यात शोभेना, म्हणून डॅडी तेवीस वर्षांचे झाले.

"आणि ती?" ट्रूडी म्हणाली. "ती कुठंय?"

"ती स्वयंपाकघरात आहे," मी म्हणाले. "दिनदर्शिकेपाशी."

"अगं नाही गं. तेवीस वर्षांच्या पोराला दिनदर्शिकेपाशी बसलेली मुलगी काय करायची? तिला नदीवर ने."

आईला नदीवर नेलं. तिला अनवाणी केलं. ट्रूडी ऑर्गनवाली असूनही तिने आईच्या विजारीचे पाय गुडघ्याच्या इतके वर कापले, की मी अंड्यांचं ताट उगाच इकडचं तिकडे केलं.

एवढ्यात रॉयस स्क्रूड्रायव्हर शोधत आला. दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवार कशाला? नदीवर लोक शुक्रवारी जातात." मंगळवारचा शुक्रवार झाला. डिशवॉशरच्या आतून आवाज आला, "ट्रक जुना करा, मॅडम. नवा असला की लोकांना राग येतो." ट्रक जुना झाला.

साडेसातला गाणं पूर्ण झालं. मिस्टर डॉइलनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि लेखकांची नावं लिहायला घेतली. नदीन लँकफर्ड, डॉइल हॅचर, ट्रूडी मेबन, रॉयस लँकफर्ड. मग ते वाकले. "बाबा रे, तुझं आडनाव काय?"

"मिस्टर डॉइल," मी हळू आवाजात म्हणाले, "तो डिशवॉशर दुरुस्त करतोय."

"खोलीत होता ना?"

"हो, पण..."

"मग तो लेखक. नॅशव्हिलमध्ये कुणी शब्द मोजत बसत नाही. गाणं लिहिताना खोलीत जो होता तो लेखक, आणि सगळे सारखे. आज शब्द मोजलेस तर उद्या कोण बसेल तुझ्याबरोबर?"

आयुष्यभर मी मोजण्याचं काम करते आहे. कुठलीच गोष्ट मोजायची नाही असा रिवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तोही इतक्या आदराने सांगितलेला. लॉनीने डिशवॉशरमधूनच आडनाव सांगितलं : क्विलन. सही करायला मात्र तो थांबला नाही. त्याला अजून एका फ्रीजकडे जायचं होतं.

आता त्या कागदावर पाचही सह्या असल्याशिवाय प्रकाशकापुढे जायचं नाही, असं संघाचं पत्रक सांगतं. मी दुरुस्तीच्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की कारागिराचा नंबर देता येत नाही; तक्रार नोंदवली तर माणूस पाठवू. तक्रार काय, तिने विचारलं. मी सव्वीस वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नाही. म्हणाले, "सही राहिलीये." ती म्हणाली, यादीत तसा बिघाड नाही, 'पाणी गळतं' लिहू का? मी गप्प राहिले आणि तिने ते होकार समजून लिहिलं. गुरुवारी भलताच कारागीर आला. त्याने तपासून सांगितलं की पाणी खरंच गळतंय, आणि लॉनी आता राज्याच्या सीमेपलीकडे अलाबामात काम करतो.

अखेर एका रविवारी, चर्चनंतर, मी आणि रॉयस दीड तास गाडी चालवून सीमेवरच्या एका पेट्रोल पंपावर गेलो. लॉनी बायको आणि सासूसह आला होता. तिघेही नटूनथटून आले होते. ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली, सासूने सहीचा फोटो काढला, आणि बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "ती नदीवरची पोरगी कोण आहे? हा सांगत नाही."

"माझी आई," मी म्हणाले.

तिचं समाधान झालं नसावं.

पुढच्या शनिवारी मिस्टर डॉइल माझ्याबरोबर आले, टाय लावून. कॅगल यांनी गाणं लावलं आणि चौथ्या ओळीलाच हात वर केला.

"आज दुपारपासून हा नववा ट्रक," ते म्हणाले. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. मग माझ्याकडे पाहत राहिले. "तुम्हीच ना त्या? ते दुसरं कुठे गेलं? तो अंगणातला माणूस?"

"तुम्ही म्हणालात गाडी हवी."

"मी बरंच काही म्हणतो. पण महिनाभर तो माणूस माझ्या डोक्यात अंगणातच उभा आहे. बसतच नाहीये." त्यांनी खणातून एक कागद काढून पुढे सरकवला. "ते माझ्याकडे ठेवून जा. पूर्ण ऐकतो. एकटीने लिहिलंय ना? इथे सही करा."

मी पेन उचललं. कागदावर छापलं होतं, की याचे सर्व लेखक खाली सही करत आहेत. सर्व. मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" मिस्टर डॉइल कुजबुजले.

"ध्रुपदाची ओळ आईची आहे. जशीच्या तशी. ती खोलीत होती."

"अगं, ती बीन्स निवडत होती."

"लॉनी डिशवॉशर दुरुस्त करत होता."

मिस्टर डॉइलनी टायची गाठ सैल केली. कॅगल म्हणाले, "सोमवारपर्यंत आणा, मिस नदीन."

आईला गाणं दाखवायचं म्हणजे ती सकाळ तिच्यासमोर ठेवायची. घरी येताना तीन वेळा वाटलं की ध्रुपदच बदलावं, म्हणजे सहीचा प्रश्न मिटेल. पण मग त्या गाण्यात उरतं काय? ड्रायरचा आवाज.

रविवारी दुपारी मी कागद आईपुढे ठेवला आणि उगाच सिंकमधले दोन कप धुवायला घेतले. आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली (ती काहीही पेन्सिलीशिवाय वाचत नाही) आणि वाचायला लागली. मी ते दोन कप चार वेळा धुतले.

"नदीन," ती म्हणाली.

"हं."

"हे चार दशांश नव्हतं."

मी वळले. ती उठून फडताळाकडे गेली, जुन्या दिनदर्शिकांच्या गठ्ठ्यातून एक काढून आणली आणि ऑक्टोबर उघडला. चौकोनात तिचं अक्षर होतं, थोडं तिरकं. शून्य पूर्णांक सदतीस शतांश.

"सदतीस चालीत बसत नाही, आई. ओळ लांबते. म्हणून मी चार दशांशावर नेलं."

"तुझ्या लॅबमध्ये चालतं का असं?"

मी हातातला कप पुन्हा विसळला.

"शिवाय मी गाऊन घालून गेले नव्हते," ती पेन्सिल फिरवत म्हणाली. "त्याचा कोट घातला होता. थंडी होती." मग म्हणाली, "कोटाच्या खिशात त्याची पेन्सिल होती. तिनंच लिहिलं."

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मी कप ठेवला आणि तिच्या समोर बसले, आणि आम्ही त्या सकाळबद्दल बोललो. काय बोललो ते गाण्यात नाही, आणि इथेही लिहीत नाही. मग तिने सही केली, पूर्ण नावाची : यूलीन मे स्पाइव्ही. ती म्हणाली, "एवढ्यासाठी सही लागते? मी तर नुसतं बोलले."

"तू खोलीत होतीस," मी म्हणाले.

मी सदतीस ठेवलं. ती ओळ चालीला अडखळते. एक ठोका जास्त घेते आणि मग सावरते. कोट आणि पेन्सिलही आत घेतली. टॉवेलांसमोर बसून पुन्हा रेकॉर्ड केलं, या वेळी ड्रायर बंद करून.

बुधवारी कॅगल यांचा फोन आला. एका गायिकेसाठी ते गाणं त्यांनी राखून ठेवलं होतं. राखून ठेवणं हा तिथला आणखी एक रिवाज : कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. ती हो किंवा नाही म्हणेपर्यंत आपण ते दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाही. मी तक्त्यात 'राखीव' लिहिलं. मिस्टर डॉइलनी चर्चमध्ये सांगितलं, ट्रूडीने ऑर्गनवरून, आणि दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात कापूस असताना विचारलं की माझी कॅगलशी ओळख करून देता का.

चार महिने गेले. लोक विचारायचे थांबले. तो चौकोन बघायचं मीही थांबवलं होतं. एप्रिलमध्ये एका सकाळी, मी नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत असताना, फोन वाजला.

"मिस नदीन, ती नाही म्हणाली," कॅगल म्हणाले. "गाणं तुमचं परत. मला वाटलं, हे चिठ्ठीने कळवू नये."

"आभारी आहे."

"एक सांगू? त्या सदतीसपाशी ओळ अडखळते ना, ते कधीही नीट करू नका. मी गाडीत ऐकत होतो. ऐकून झाल्यावर खाली उतरलोच नाही, पुन्हा लावलं." मग म्हणाले, "तर असं. ट्रकवालं काही आणलंत तर मला नका देऊ."

मी तक्ता उघडला, पेनाने शून्य लिहिलं आणि आईला फोन केला. ती रोज सकाळी सातला बाहेर जाते. खात्याचे फॉर्म आता तिच्या नावाने येतात.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

"कोण? तो टोपीवाला?"

"गायिका. टोपीवाल्याने दोनदा ऐकलं. गाडीत बसून."

"तू काय लिहिलंस?"

"शून्य."

पलीकडे ती काहीतरी ढवळत होती. चमचा थांबलेला ऐकू आला. "शून्य कसं? तळ ओला होता ना?"

"होता."

"मग टी लिही. डॅडींनी काय शिकवलं तुला?"

प्रयोगशाळेत चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल. वर दुरुस्ती लिहायची आणि बाजूला सही करायची. मी रेघ मारली, वर टी लिहिलं. मग आईला म्हणाले, जरा थांब, फोन ठेवू नको. आणि बाजूला माझी आद्याक्षरं लिहिली आणि तिचीही.